यंत्राची प्रकृती उत्तम आहे

तेमिर-बेल जिल्ह्याच्या नागरिक नोंदणी कार्यालयात एक संगणक आहे. जन्म, मृत्यू, विवाह आणि रहिवास यांचे दाखले त्यातूनच निघतात. म्हणजे ज्याला जन्मायचे, मरायचे, लग्न करायचे किंवा नुसतेच राहायचे असेल, त्याला या संगणकाची संमती लागते. मी त्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. कनिष्ठ लिपिकाची जागा बरीच वर्षे रिकामी आहे, त्यामुळे मी नेमकी कोणापेक्षा वरिष्ठ हे ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर राजधानी बिश्केकच्या मुख्यालयातून एक परिपत्रक आले. दुसऱ्या एका जिल्ह्यात संगणक जळाला होता. उंदराने आत घरटे केले, पंखा अडकला, यंत्र तापले आणि त्या जिल्ह्यातल्या अर्ध्याअधिक विवाहांच्या नोंदी नष्ट झाल्या. काही कुटुंबांनी याबद्दल समाधान व्यक्त केले असे ऐकिवात आहे, पण मुख्यालयाने मात्र गंभीर दखल घेतली. यापुढे देशातल्या प्रत्येक शासकीय संगणकाचे तापमान, पंख्याचा वेग आणि विद्युतदाब यांवर अखंड निगराणी ठेवण्याचे ठरले. त्यासाठी 'यंत्रस्वास्थ्य कक्ष' नावाचा नवा विभाग उघडण्यात आला. उंदरांविषयी परिपत्रकात काही म्हटलेले नव्हते.

कक्षाचा तंत्रज्ञ एमिल घाट ओलांडून आमच्याकडे आला आणि त्याने संगणकात एक सॉफ्टवेअर बसवले. पडद्याच्या कोपऱ्यात तीन छोटे चौकोन उगवले.

"हा पहिला, यंत्राचं डोकं किती तापलंय ते सांगतो," एमिल म्हणाला. "दुसरा पंख्याचा. तिसरा विजेचा. सगळं ठीक असलं की हिरवा, नसलं की लाल. बास. इथं जे दिसतं तेच बिश्केकला भिंतीएवढ्या पडद्यावर दिसतं. प्रत्येक जिल्ह्याचे आपापले चौकोन."

"आणि त्या भिंतीकडे कोण बघतं?" आमचे कार्यालयप्रमुख मेदेर साकियेविच यांनी विचारले.

"कक्षप्रमुख."

"आणि कक्षप्रमुखांकडे कोण बघतं?"

"उपमंत्री."

मेदेर साकियेविच यांनी डोक्यावरची केसाळ टोपी काढली आणि ते खुर्चीत बसले. माणूस स्वभावाने भला. कोणाच्या कामाला त्यांनी कधी नाही म्हटले नव्हते. राजधानीतल्या कोणाचीही नजर तेमिर-बेलवर पडू नये एवढ्या एका हेतूने त्यांनी सारी नोकरी केली होती आणि त्यात त्यांना घवघवीत यश आले होते. निवृत्ती तोंडावर असताना आता थेट भिंतीवर जायची वेळ आली.

सॉफ्टवेअर सुरू झाले. दुसरा चौकोन लाल झाला.

"काय झालं त्याला?" मेदेर साकियेविच यांनी विचारले.

"काही झालेलं नाही," एमिल हसत म्हणाला. "तुमच्या खोलीत गारठाच एवढा आहे की यंत्राचं डोकं तापत नाही. डोकं तापत नाही म्हणून पंखा फिरत नाही. सॉफ्टवेअरला वाटतं पंखा मेला. खरं म्हणाल तर यंत्राला याहून चांगलं काही नाही."

"चांगलं आहे तर लाल कशाला दाखवतंय?"

"पंख्याच्या वेगाची खालची मर्यादा ठरवलेली असते. ती इथल्या इथं बदलता येते. एक आकडा टाकायचा."

"मग टाक की बाबा."

"मर्यादा बदलायचा अधिकार कक्षाला आहे. मी अर्ज पाठवतो. हिवाळा संपेस्तोवर येईल मंजुरी."

एमिल जेवून परत गेला. त्याची गाडी घाटाला लागली नसेल तोच फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या आणि त्यांचा आवाज अतिशय थंड होता.

"तेमिर-बेल, तुमचा पंखा थांबलाय."

"इकडं थंडी फार आहे," मेदेर साकियेविच म्हणाले.

"थंडीबद्दल विचारलं नाही. पंख्याबद्दल बोला."

थंडीबद्दल मात्र मला थोडे बोलले पाहिजे. गावाला ऊब पुरवणारे बॉयलरघर कोळशाअभावी निम्म्याने चालत होते. कार्यालयातल्या रेडिएटरवर आम्ही लोणी ठेवायचो, ते टिकायचे. मी बोटे कापलेले हातमोजे घालून लिहीत असे. बॉयलरघराकडे आम्ही अनेकदा तक्रार केली होती. त्यांचे उत्तर ठरलेले होते: अधिकृत तापमापकाने घेतलेली नोंद जोडा. अधिकृत तापमापक जिल्ह्यात नव्हता. थोडक्यात, माणसांना वाजणारी थंडी ही ऐकीव माहिती होती. यंत्राला वाजणारी थंडी मात्र परस्पर बिश्केकला पोचत होती, तीही रंगीत.

माझ्या टेबलाखाली विजेचा एक हीटर होता. तो उचलून संगणकाशेजारी ठेवण्यात आला. डोके तापले, पंखा फिरला, दुसरा चौकोन हिरवा झाला आणि तिसरा लाल झाला. इमारतीच्या तारा फार जुन्या. हीटरने विजेचा दाब खाली ओढला होता. मग आम्ही चहाची किटली बंद केली. तिसरा चौकोन लालच राहिला. साहेबांच्या खोलीतला हीटर काढला, दिवे मालवले. तेव्हा कुठे तीनही चौकोन हिरवेगार दिसू लागले. आम्ही दोघे अंगात कोट, पोटात गार पाणी अशा अवस्थेत अंधारात बसलो होतो आणि यंत्राला भरपूर ऊब होती.

फोन पुन्हा वाजला. "तेमिर-बेल, अभिनंदन," बाई म्हणाल्या.

मेदेर साकियेविच यांचे नोकरीत पहिल्यांदाच अभिनंदन झाले होते. ते बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभे होते.

याच सुमारास कुलीपा अपा कार्यालयात आली. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात. पोस्टात तार घेण्याच्या खिडकीवर तिने उभी हयात घालवली होती. अख्ख्या गावाच्या आनंदाच्या आणि दुःखाच्या बातम्या कमीत कमी शब्दांत बसवून द्यायची तिला सवय होती आणि ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तिचा नवरा शरद ऋतूत वारला होता.

"बुरुल, पोरी, रहिवासाचा एक दाखला काढून दे," ती काउंटरवर हात टेकून म्हणाली. "सवलतीचा कोळसा म्हाताऱ्याच्या नावावर होता. म्हातारा गेला, नाव गेलं, कोळसा गेला. वर कुणाला शेकायला देतोय कोण जाणे. नगरपालिका म्हणते, तू तिथंच राहतेस याचा दाखला आण, तुझं नाव चढवतो. महिनाअखेरीच्या आत."

"घरात आहे का थोडाफार?"

"पोत्याच्या तळाशी आहे. फुंकून फुंकून वापरते."

ही विनंती अत्यंत साधी होती. मी नोंदींचा प्रोग्राम उघडला. आमचा प्रोग्राम जुना, यंत्र त्याहून जुने. तो उघडला की यंत्राच्या डोक्यावर भार येतो. शेजारी हीटर होताच. पंखा चढावरच्या ट्रकसारखा घोंघावू लागला आणि पहिला चौकोन लाल झाला. मी प्रिंटर लावला, तसा तिसराही लाल झाला. कागद अर्धा बाहेर आला असेल, तेवढ्यात फोन वाजला.

"तेमिर-बेल, तुम्ही यंत्राबरोबर काय करताय?" बाईंनी विचारले.

"काम करतोय," मेदेर साकियेविच म्हणाले.

मग बाई म्हणाल्या, "हे वारंवार होणार आहे का?"

मेदेर साकियेविच यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी प्रिंटर बंद केला. हातात आलेल्या कागदावर तेमिर-बेल जिल्हा कार्यालय प्रमाणित करते की कुलीपा, एवढेच छापले होते.

"मी आहे एवढं तरी सरकारला मान्य आहे," अपा तो कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाली. "कुठं आहे ते उद्या सांगतील."

दुसऱ्या दिवशी मेदेर साकियेविच यांनी कार्यालयीन आदेश काढला. निगराणी चालू असताना संगणक कामासाठी वापरू नये. निगराणी अखंड असल्यामुळे आदेशाचा अर्थ लावण्यात अडचण आली नाही. दारावर पाटी लागली: 'संगणक निगराणीखाली आहे. नागरिकांनी सहकार्य करावे.'

"पण लोकांचे दाखले?" मी विचारले.

"बुरुल, परिपत्रक तीनदा वाचलं मी. यंत्र निरोगी ठेवा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कशासाठी निरोगी ठेवा, याचा कुठं उल्लेख नाही. आपण आपल्या मनाने काही घुसडायचं का त्यात?"

नागरिकांनी सहकार्य केले. लोक येत, पाटी वाचत, शिवी देत आणि जात. एक नवरा-नवरी येऊन पाटी वाचून गेले. नवरी जाताना जरा विचारात पडलेली दिसली. कुलीपा अपा मात्र जात नसे. ती रोज सकाळी येऊन काउंटरच्या आत शिरायची आणि संगणकाशेजारच्या स्टुलावर बसायची, कारण सबंध गल्लीत चालू असलेला तेवढा एकच हीटर होता. बसल्या बसल्या कोटाच्या खिशातून वाळलेल्या चक्क्याच्या गोळ्या काढून चघळायची आणि मला दाखल्याबद्दल विचारायची.

"आज कशी आहे यंत्राची तब्येत?"

"बरी आहे, अपा."

"मग आज काढतेस दाखला?"

"काढला तर बिघडेल."

"आमच्या पोस्टातला यंत्रावरचा साहेब असाच होता. तार पाठवली की यंत्र झिजतं म्हणायचा. पण तो दारू पिऊन बोलायचा गं. तुमचा हा शुद्धीवर आहे."

थंडी आणखी वाढली. गावातल्या प्रत्येक घरात जे काही विजेवर तापेल ते लावले गेले आणि सगळ्या तेमिर-बेलचा विद्युतदाब खचला. आता आमचा एक हीटरही यंत्राला सोसेना. हीटर लावला की तिसरा चौकोन लाल, काढला की दुसरा लाल. मेदेर साकियेविच सकाळपासून हीटरचा प्लग लावत आणि काढत होते. कोणता लाल कमी लाल आहे, असे त्यांनी मला विचारले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

हीटर बंद होता. कुलीपा अपाने गारठ्याने मेंढीच्या कातड्याचा आपला लांब कोट सोडला, यंत्राच्या पेटीला पाठ टेकली आणि तो कोट स्वतःवरून आणि पेटीवरून ओढून घेतला. कोट एवढा मोठा होता की आत आणखी एक म्हातारी मावली असती. थोड्या वेळाने कोटाच्या आतून पंख्याची घरघर ऐकू आली. दुसरा चौकोन हिरवा झाला.

आम्ही दोघे बघत राहिलो. अपा पाणी प्यायला उठली. चौकोन लाल झाला. परत बसली, हिरवा झाला.

"अपा," मेदेर साकियेविच अत्यंत आदराने म्हणाले, "उठू नका."

सरकारने तिच्याकडे आयुष्यात प्रथमच काही मागितले होते. अपाने ते शांतपणे ऐकून घेतले.

"बसते. दाखल्याचं काय?"

"दाखल्याचं बघू. आधी बसा."

"बसते म्हटलं ना. घरी तरी कोण आहे. हे यंत्र म्हाताऱ्यासारखंच घोरतं, पण कूस बदलत नाही."

आता प्रश्न नियमांचा होता. काउंटरच्या आत बाहेरच्या माणसाला बसता येत नाही. अपाला हंगामी कर्मचारी म्हणून घ्यायचे तर तिच्या रहिवासाचा दाखला लागणार, आणि तो छापायचा तर यंत्र तापणार. आम्ही पुष्कळ विचार केला. शेवटी मेदेर साकियेविच यांच्या लक्षात आले की साहित्याला रहिवासाचा दाखला लागत नाही. मी स्वतःच्या हाताने साहित्यनोंदीत लिहिले: ऊष्मास्रोत, वीजविरहित, एक नग.

"नग तर मी आहेच," अपा म्हणाली. "म्हातारा रोज म्हणायचा. आज सरकारी शिक्का बसला."

मुख्यालयाला कळवल्यावर ते रागावतील अशी आम्हाला भीती होती. झाले उलटेच. वीज न वापरता यंत्राला ऊब देण्याचा हा प्रयोग कक्षप्रमुखांना इतका आवडला की त्यांनी तो सर्व थंड जिल्ह्यांना अनुकरणासाठी पाठवला. ठिकठिकाणी वयस्कर नागरिकांना संगणकाला टेकवून बसवण्यात येऊ लागले. निवड करताना कोट लांब असणाऱ्यांना प्राधान्य होते. आमच्या गावातल्या काही म्हाताऱ्यांनी कुलीपाचा वशिला होता अशी तक्रारही केली.

आणि मग, जे साहित्य यंत्राला जोडलेले आहे त्यावरही निगराणी हवी, हे ओघाने आलेच. एमिल पुन्हा घाट चढून आला. त्याने अपाच्या मनगटावर एक पट्टा बांधला. पडद्याच्या कोपऱ्यात आणखी तीन चौकोन उगवले: अपाच्या अंगाची ऊब, अपाचा श्वास आणि अपाचा रक्तदाब.

"आता दर घडीला बिश्केकमध्ये कळणार मी कशी आहे?" अपाने विचारले.

"हो, अपा."

"माझा मुलगा तिथंच राहतो. त्यालाही दाखवा कुणीतरी."

एमिल निघताना मला दारापर्यंत घेऊन आला. तो आज हसत नव्हता. "बुरुल एजे, मोठ्या बहिणीसारखी आहेस म्हणून एक सांगून ठेवतो. तिच्या तापमानाची मर्यादा मी ठरवलेली नाही, वरून आलीय. खालची मर्यादा आहे, वरची नाहीच. मी विचारलं, तर म्हणाले, ऊष्मास्रोत आहे ना, जितका गरम तितका चांगला."

"मग तू काही बोलला नाहीस?"

"अर्ज केलाय," तो म्हणाला.

महिना संपला. नगरपालिकेने सवलतीच्या कोळशाचा हिशेब मिटवला. त्या महिन्यात रहिवासाचा एकही दाखला निघाला नव्हता; दाखला नाही म्हणून नवे अर्ज नाहीत, अर्ज नाहीत म्हणून मागणी नाही. तेमिर-बेलमध्ये कोळशाची गरज असलेला एकही नवा माणूस उरला नाही, असा निष्कर्ष निघाला आणि नगरप्रमुखांनी तो भाषणात सांगितला. कोळसा शिल्लक पडला. तो वाया जाऊ नये म्हणून तो बॉयलरघराकडे वळवायचे ठरले, कारण एक मोठा समारंभ येऊ घातला होता. तेमिर-बेलला 'आदर्श यंत्रस्वास्थ्य जिल्हा' हा सन्मान जाहीर झाला होता. उपमंत्री स्वतः येणार होते आणि त्यांच्या मुक्कामात त्यांना थंडी वाजून चालणार नव्हते.

बातमी मीच अपाला सांगितली. तिने जराही आदळआपट केली नाही.

"म्हणजे माझा कोळसा उपमंत्र्याच्या पायाशी जळणार," ती म्हणाली. "गुडघे दुखत असतील बिचाऱ्याचे."

दिवसभर अपा यंत्रापाशी बसायची आणि कार्यालय बंद झाले की वरच्या गल्लीतल्या बर्फासारख्या घरात जायची. घरी जाताना पट्टा काढून ठेवायचा नियम होता, कारण पट्टा शासकीय होता. तिला खोकला सुरू झाला. मी तिला माझ्या घरी झोपायला ये म्हटले, तर म्हणाली, "घर सोडलं तर मी तिथं राहत नाही असं होईल, मग दाखला कसला मागू?" या युक्तिवादात मला खोट सापडली नाही. इतकी वर्षे मी त्याच कार्यालयात काम करत होते.

समारंभाच्या आदल्या दिवशी अपाचा पहिला चौकोन असा काही हिरवा झाला की तसा हिरवा आम्ही आधी पाहिला नव्हता. श्वासाचा चौकोनही जोरात. आणि तिच्या उबेने यंत्राचा पंखा अगदी लयीत फिरत होता.

फोन आला. "तेमिर-बेल, तुमचा ऊष्मास्रोत आज देशात पहिला आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात प्रथमच थोडी ऊब होती.

मी कोटाची कड बाजूला केली. अपाचे गाल लाल झाले होते आणि डोळे अर्धवट मिटलेले.

"बुरुल," ती म्हणाली, "माझी तार लिहून घे. म्हाताऱ्याला. येते. थांब. कोळसा ठेव."

तिच्या कपाळावर हात ठेवला तर चटका बसला. मी मेदेर साकियेविच यांच्याकडे गेले.

"अपाला ताप आहे. भयंकर ताप आहे."

त्यांनी पडद्याकडे पाहिले. "हिरवं आहे."

"पडदा राहू द्या. हात लावून बघा."

ते आले. त्यांनी हातमोजा काढला आणि तिच्या कपाळाला हात लावला. हात पटकन मागे घेतला आणि तो कोटाच्या खिशात घातला, जणू कोणी पाहिले तर पंचाईत. मग पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"उद्या समारंभ आहे, बुरुल."

"उद्या ती नसेल."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "पट्टा काढ. मागच्या दाराने ने. मी इथं बर्फ बघतोय."

अपा उचलायला हलकी होती. कोटच जड होता, तो मी तिथेच ठेवला आणि तिला माझ्या शालीत गुंडाळले. शेजारच्या दुकानदाराने विचारपूस न करता गाडी काढली. रुग्णालयात तिला आत घेतले, खाटेवर घातले आणि मला बाहेर बसायला सांगितले.

इकडे कार्यालयात अपाचे तीनही चौकोन काळे झाले होते. 'ऊष्मास्रोत अनुपस्थित' अशी पट्टी पडदाभर फिरत होती. यंत्राचा पंखा मंदावत होता आणि फोन थांबायचे नाव घेत नव्हता. मी परत आले, तेव्हा मेदेर साकियेविच यांनी जे करायचे ते केले होते. ते जमिनीवर बसले होते, पाठ यंत्राला टेकलेली, अपाचा कोट अंगावर, मनगटावर पट्टा. त्यांचा रक्तदाब मुळातच जास्त. कोटाच्या आतून घरघर ऐकू आली आणि एकेक करत सहाही चौकोन हिरवे झाले. फोन थांबला. आम्ही दोघांनी मोठा श्वास सोडला.

समारंभ थाटात झाला. सांस्कृतिक भवनात इतकी ऊब होती की पाहुण्यांनी कोट काढले. मात्र सत्कारमूर्ती मेदेर साकियेविच यांना भवनात आणणे शक्य नव्हते. ते उठले असते तर देशातल्या पहिल्या क्रमांकाचे चौकोन सर्वांदेखत लाल झाले असते. त्यामुळे उपमंत्री बँडसह कार्यालयात आले आणि वाकून, जवळजवळ गुडघ्यांवर येऊन, त्यांनी मेदेर साकियेविच यांच्या कोटाला पदक लावले. छायाचित्रात उपमंत्री नतमस्तक झालेले दिसतात. ते छायाचित्र पुढे सगळ्या जिल्ह्यांना पाठवण्यात आले आणि ऊष्मास्रोत म्हणून यापुढे कार्यालयप्रमुखांनीच बसावे, असा दंडक झाला. त्यामुळे नेतृत्वगुण दिसून येतात, असे परिपत्रकात म्हटले होते.

मेदेर साकियेविच यांच्या निवृत्तीची तारीख आली आणि गेली. साहित्यनोंदीत अपाच्या जागी आता त्यांची नोंद होती, आणि तिथे चढलेली वस्तू निवृत्त होत नाही, ती निकामी ठरवावी लागते. आणि तपासणी पथकाच्या मते ते अजून उत्तम चालत होते. शिवाय निवृत्तिवेतनाच्या अर्जाला रहिवासाचा दाखला लागतो. ते कधी कधी माझ्याकडे आशेने पाहत, मी दारावरच्या पाटीकडे पाहत असे. त्यांची बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि त्यांना भरवून जायची. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते घरी इतके शांत कधीच नव्हते.

वसंतात एमिलच्या पहिल्या अर्जाला मंजुरी आली. त्याने येऊन एक आकडा टाकला. पंख्याची खालची मर्यादा उतरली आणि यंत्राला उबेची गरज राहिली नाही. आम्हाला वाटले, सुटलो. पण तोवर ऊष्मास्रोत योजनेला स्वतंत्र निधी मिळाला होता, तिच्यावर माणसे नेमली गेली होती, आणि ज्या योजनेला निधी आहे तिची गरज आहे की नाही हे ठरवणारा चौकोन त्या भिंतीवर नव्हता. मग उन्हाळा आला, यंत्र तापू लागले आणि मुख्यालयाने शीतस्रोतांसाठी प्रस्ताव मागवले. डोंगरातल्या लोकांचे हात कायम गार असतात, असा एक अहवाल सध्या विचाराधीन आहे.

यंत्राची प्रकृती उत्तम आहे. गेल्या हिवाळ्यापासून त्याने एकही काम केलेले नाही.

कुलीपा अपा जगली. रुग्णालयात बरेच दिवस होती. शुद्धीवर आल्यावर तिने नर्सला पहिला प्रश्न विचारला तो, हिरवं आहे का. आता ती माझ्या घरी चुलीजवळ झोपते, माझ्या सुनेच्या चहाला नावे ठेवते, आणि दाखला निघाला की आपल्या घरी परत जाणार असे रोज सांगते. मी हो म्हणते.

हे मी तुम्हाला मघाशीच सांगायला हवे होते, तिला रुग्णालयाच्या खाटेवर ठेवून परत आले तेव्हा. मी जरा थांबून पाहिले, तिचे काय झाले असे कोणी विचारते का. पण तिकडे पंखा मंदावत होता, फोन वाजत होता, तेव्हा तुम्हीही माझ्यासारखेच कार्यालयात परत आलात. आणि मेदेर साकियेविच यंत्राला टेकून बसले, एकेक चौकोन हिरवा होत गेला, तेव्हा हायसे तुम्हालाही वाटले होते.